सावरडो माउंटन : वणव्यातून वाचलेली कवीची चौकी

सावरडो हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ कॅस्केड्स नॅशनल पार्कच्या परिसरातला डोंगर. सिएटलच्या आसपास राहणाऱ्या ट्रेकर मंडळींसाठी आधी कामाचं. पहाटे चारला निघा. आय-५ वरून बर्लिंग्टनला हायवे २० पकडायचा आणि स्कॅगिट नदीच्या काठाने सरळ पूर्वेला जायचं. मार्बलमाउंटला पेट्रोल भरून घ्या, कारण पुढे बराच वेळ पंप नाही. तिथल्याच रेंजर स्टेशनचा नंबर आदल्या दिवशी फिरवून वाट उघडी आहे का ते विचारा. फोनची रेंजही मार्बलमाउंटच्या पुढे जवळजवळ संपते, तेव्हा नकाशे आधीच उतरवून ठेवा. डियाब्लो या धरणाच्या वसाहतीतून वाट सुरू होते. पार्कात शिरायला पैसे लागत नाहीत, मात्र वर मुक्काम करायचा तर परमिट हवंच.

एका बाजूचं अंतर साधारण सव्वापाच मैल आणि चढ सुमारे पाच हजार फूट. बारी गावातून कळसूबाई गाठावी आणि तिथून पुढे आणखी निम्म्याहून जास्त कळसूबाई चढावी, असं काहीसं. त्यातले तीन हजार फूट पहिल्या दोन मैलांतच येतात. नुसती वळणावर वळणं. ‘हळूहळू चढ वाढत जाईल’ अशी दया हा डोंगर दाखवत नाही.

एवढं कष्टाचं काय आहे वर? चारी बाजूंनी काचा असलेली एक लाकडी खोली. १९३३ मध्ये बांधलेली, वणवे टेहळण्याची चौकी. १९५३ च्या उन्हाळ्यात इथे पहाऱ्याला होते गॅरी स्नायडर, वय वर्षे २३. पुढे त्यांच्या कवितेला पुलित्झर मिळालं. १९६२ मध्ये ते आपल्याकडे भारतातही फिरून गेले. सावरडोच्या पुढच्याच वर्षी त्यांना पहाऱ्याचं सरकारी काम नाकारलं गेलं. तो डाव्यांवरच्या संशयाचा मॅकार्थी जमाना होता आणि खलाशांच्या युनियनशी त्यांचा जुना संबंध आड आला. मग त्यांचे मित्र फिलिप व्हेलन या चौकीवर राहिले. या दोघांचं ऐकूनच कादंबरीकार जॅक केरुआक १९५६ मध्ये उत्तरेच्या डेसोलेशन पीकवरच्या चौकीत ६३ दिवस राहिले.

काम तसं साधं. खोलीच्या मधोमध ऑस्बॉर्न फायर फाइंडर नावाचं यंत्र: गोल नकाशा, त्यावर फिरणारं कडं आणि नेम धरायची खाच. धूर दिसला की कडं फिरवून दिशेचा अंश वाचायचा आणि रेडिओवर कळवायचा. दुसऱ्या डोंगरावरचा पहारेकरी त्याच्या बाजूचा अंश सांगणार, आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे आग. वादळात विजा कुठे पडल्या तेही टिपून ठेवायचं, कारण विजेने पेटलेलं झाड कधीकधी काही दिवस आतल्या आत धुमसतं आणि मग भडकतं.

२९ जुलै २०२३ ला याच डोंगरावर वीज पडली. सह्याद्रीतले वणवे बहुतेक माणसाने लावलेले असतात. हा आभाळातून आलेला. सात हजार एकरांच्या वर जंगल जळलं, हायवे २० बंद ठेवावा लागला, धरणावरचं कामकाज विस्कळीत झालं. उतारावरची आग वरच्या दिशेने जोरात धावते, कारण तिचीच धग पुढची झाडं आधी सुकवते. आणि चौकी तर मुद्दाम सगळ्यात उघड्या जागी बांधलेली. अशा लाकडी खोल्यांना वाचवायला अग्निशमनवाले अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं कापड छपरापासून पायापर्यंत गुंडाळतात, डब्यात ठेवायच्या पोळ्यांसारखं. चौकी वाचली.

वाटेचं तसं नाही. खालच्या टप्प्यावर पूर्वी दाट सावली होती म्हणतात. आता काळे खांब आणि त्यांच्या बुंध्याशी फायरवीडची गुलाबी फुलं. दिसायला सुंदर, चालायला वाईट. दक्षिणेकडचा उतार असल्याने ऊन थेट डोक्यावर येतं. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या. वरच्या भागात सावरडो क्रीक हा ओढा लागतो, त्याचं पाणी गाळून घ्या, पण तो येईपर्यंत कोरडंच. जळक्या झाडांखाली डबा उघडून बसू नका. वारा सुटला तर न थांबता पट्टा ओलांडा किंवा सरळ मागे फिरा, ही झाडं आवाज न करता पडतात. वाट सोडू नका, कारण मुळं जमिनीखालीच जळून पोकळ्या झालेल्या असतात आणि पाय मांडीपर्यंत जाऊ शकतो. आमच्यातल्या एकाचा ट्रेकिंग पोल असाच अर्धा आत गेला, तिथून सगळे मुंग्यांसारखे एका रांगेत.

ओढा ओलांडला की जंगल विरळ होतं, हकलबेरीची झुडपं सुरू होतात आणि थकवा निम्मा होतो. माथ्यावरून खाली डियाब्लो लेक दिसतं. हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठामुळे त्याचा रंग खोटा वाटावा इतका निळाहिरवा. उत्तरेला रॉस लेक, त्याच्या काठी डेसोलेशन, आणि मागे होझोमीन डोंगराचे दोन काळे सुळके.

आम्ही गेलो तेव्हा चौकीला कुलूप होतं, तेव्हा आत काही बघायला मिळेल या आशेवर जाऊ नका. कवीचं स्मारक वगैरे इथे काही नाही, आणि मला ते बरंच वाटलं. भिंतींवर नावं कोरायचा मोह कुणाला होत असेल तर त्याला खालीच ठेवा.

जुलैच्या मध्यापर्यंत वर बर्फ असू शकतो आणि ऑगस्टमध्ये धूर. त्यामुळे सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मी निवडेन. एअरनाऊ या हवेचा दर्जा सांगणाऱ्या संकेतस्थळावर हवा तपासा. तिथला हवेच्या दर्जाचा आकडा (एक्यूआय) दीडशेच्या वर असेल तर एवढा चढ करू नका.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना डियाब्लो लेक ओव्हरलुकला न्या. गाडीतून उतरलं की समोर तळं, आणि पलीकडचा जळका उतार सावरडोचाच. स्वच्छतागृह आहे, दुकान नाही, म्हणून जेवण सोबत हवं. शनिवारी जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, नंतर पार्किंग मिळत नाही.