आमची वाटचाल

आम्ही कारखान्यांतल्या मशीनचे नेटवर्क जोडून देतो. सुरुवात पॅनेल वायरिंगची. आरएस-४८५ ची (मशीनचा डेटा नेणाऱ्या तारांची) लाइन ओढायची, दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर लावायचा, मोडबस, म्हणजे मशीनची एकमेकांशी बोलायची भाषा, चालू करून द्यायचे. पुढे पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, इथरनेट आले आणि प्रत्येक कारखान्याला सगळा डेटा स्काडावर, म्हणजे साऱ्या मशीनवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकावर, हवासा झाला.

अडचण नेहमीची. मशीन बनवणाऱ्या एकाच कंपनीची मशीन, सगळ्यांचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.०.१, म्हणून ती एका नेटवर्कवर एकत्र चालत नाहीत. तो बदलायचा तर एचएमआय (मशीनचा पडदा), ड्राइव्ह (मोटर चालवणारा भाग), प्रोग्रॅम, सगळेच उघडावे लागते, आणि प्रोग्रॅमला पासवर्ड! आम्ही दर मशीनपुढे डिन रेलवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) छोटा राउटर बसवून वन-टू-वन नॅट, म्हणजे एका पत्त्याच्या जागी दुसरा पत्ता, केले. आत पत्ता जुनाच, बाहेर स्वतंत्र. पीएलसीत गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या वाटेचा पत्ता, भरलेला नसेल, तर विनंती पोचते पण उत्तर परतत नाही. तिथे सोर्स नॅट लावले, म्हणजे विचारणाऱ्याचाही पत्ता बदलला, की तो आपल्याच सबनेटमधला (नेटवर्कच्या तुकड्यातला) आहे असे पीएलसी धरून चालतो. असे नेटके काम तेव्हा फार थोडे जण करत, हे मी अभिमानाने सांगतो.

मग एक मोठी कंपनी आली. ‘राउटर हवेत कशाला? मास्क (नेटवर्क केवढे ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.०.० करा, सगळे एकाच नेटवर्कमध्ये घ्या.’ दर आमच्याहून कितीतरी कमी. ग्राहक एकेक करून गेले, पगार रखडले, फायबर केबल जोडायचे स्प्लायसिंग मशीन विकावे लागले. ते मशीन मला अजून आठवते.

बाटल्या भरण्याच्या कारखान्यातले मेंटेनन्सचे साहेब मात्र हलले नाहीत. वरून दबाव असूनही त्यांनी आमचे राउटर काढू दिले नाहीत. त्यांच्याच कंपनीचा दुसरा कारखाना त्या मोठ्या मंडळींकडे गेला. तिथे कुणीतरी एका केबलची दोन्ही टोके साध्या नेटवर्क स्विचमध्ये खोचली. ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या संदेशांचा, लोंढा सगळीकडे पसरला, प्रोफिनेटचे (पीएलसी आणि मशीनच्या भागांमधल्या नेटवर्कचे) वॉचडॉग, म्हणजे संपर्क तुटला की थांबवणारे टायमर, ट्रिप झाले, सगळ्या लाइन एकदम बंद. राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे सोडत नाही. मशीनपुढे राउटर असता तर गोंधळ त्या स्विचपाशीच थांबला असता. साहेबांनी आम्हाला बोलावले, आणि तिथून आम्ही पुन्हा उभे राहिलो. तो कारखाना त्या मोठ्या कंपनीच्या कामांच्या यादीत अजूनही झळकतो. दुरुस्त आम्ही केला!

नवीन मशीन घेणाऱ्यांनो, पीएलसीचा पासवर्ड आणि गेटवे बदलायची मुभा ऑर्डरमध्येच लिहून घ्या. पत्त्यांचा तक्ता पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा. आणि राउटरवर लागतील तेवढेच पोर्ट (डेटाची क्रमांकाने ओळखली जाणारी दारे) उघडा: इथरनेटवरच्या मोडबसला ५०२ पुरतो.