ढवळ्याला कुठे पुरायचं?

ढवळ्या गेला. बैलाला शोभावं असं नाव मी इथल्या एका लंगड्या, पांढऱ्या कुत्र्याला ठेवलं होतं. शेजारच्या जर्मन आजी त्याला शेवटपर्यंत ‘डवालिया’च म्हणत राहिल्या.

त्याच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई घरी आल्या. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो गाढ झोपल्यावर दुसरं. अमळनेरला मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “सुई देऊन मारलं?” जर्मनीत रास्त कारणाशिवाय प्राणी मारणं गुन्हा आहे, हाल होताहेत आणि सुधारणेची आशा नाही, तेव्हाच डॉक्टर हे करतात. गोठ्यात पाय झाडत पडलेली जनावरं मी लहानपणी पाहिली आहेत. मला यात पाप वाटत नाही. मावशीला वाटतं, वाटू दे.

पुढचा प्रश्न पुरण्याचा. गावाकडे आमचा म्हातारा बैल गेला तेव्हा भावकीतली पोरं टिकाव-फावडी घेऊन आपणहून आली. नानांनी त्याला बांधावरच्या निंबाखाली पुरलं, अंगावर पोळ्याची झूल घातली, कुंकू लावलं. परवानगी कोणाची घ्यायची होती? शेत आपलं, बैल आपला.

इथे घर भाड्याचं, म्हणून आधी घरमालकीणबाईंचा होकार घेतला. बाग जलसंरक्षित क्षेत्रात नको, खड्डा सार्वजनिक रस्त्याला लागून नको, प्राण्याला साथीचा रोग झालेला नको, वर निदान 50 सेंटिमीटर माती हवी आणि गुंडाळायला प्लास्टिक नाही, कुजणारं कापड. ब्रेमेनमध्ये तर स्वतःच्या बागेतही पुरायला मनाई आहे. ज्यांना बाग नाही ते प्राण्यांच्या दहनगृहात जातात किंवा प्राण्यांच्या दफनभूमीत काही वर्षांच्या भाडेकराराने जागा घेतात. हसू नका, इथे माणसांची थडगीसुद्धा मुदतीचीच असतात.

मायचा फोन आला. “खोल खंदजो रे, नी मीठ टाकजो.” खोल खणलं. आपल्या काळ्या जमिनीची सवय असलेल्या हातांना इथली चिकणमाती फार जड गेली. दर फावड्याला ती पात्यालाच चिकटून वर यायची, बुटाने खरवडून काढावी लागायची. मायच्या जुन्या सुती लुगड्याची केलेली गोधडी ढवळ्याचंच अंथरूण होती, तिच्यातच त्याला गुंडाळलं. मीठ मात्र नाही टाकलं. शेजारी मालकीणबाईंचं आलुबुखाराचं झाड आहे. हे मायला सांगितलेलं नाही.

मग कागदपत्रं. इथे कुत्रा पाळला की नगरपालिकेला वार्षिक कर भरावा लागतो, म्हणून तो गेल्याचंही कळवावं लागतं. गळपट्ट्यावरचा कराचा बिल्ला पाकिटात घालून पाठवला. बिल्ल्याच्या कडा त्याच्या खाजवण्याने घासून गुळगुळीत झाल्या होत्या. आगाऊ भरलेल्या कराचे उरलेल्या महिन्यांचे पैसे खात्यात परत आले.

हे ऐकून नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मेलेल्या कुत्र्याचे पैसे परत आले म्हणतोस? आपल्या केळीचा विमा अजून यायचाय.”