हे कुठल्या ट्रस्टचं?

कॅलिफोर्नियात, बर्कलीला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना ॲशबी स्टेशनला लागून असलेल्या एड रॉबर्ट्स कॅम्पसला नेते. अपंगांच्या संस्थांची इमारत आहे ती. आत शिरलं की समोरच गोल वळत वरच्या मजल्यावर जाणारा लालभडक रॅम्प. दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढा ऐसपैस. मी खुर्चीतून वर निघते, पाहुणे बाजूनं चालतात आणि अर्ध्या वाटेत प्रश्न येतोच, "हे अपंगांसाठी कुणी काढलं गं? कुठल्या ट्रस्टनं?"

तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल, म्हणून सांगते. अपंगांनीच काढलं. सुरुवात केली ती हॉस्पिटलात राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी.

एड रॉबर्ट्सला १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं अंग जवळजवळ निकामी, रात्री श्वासासाठी आयर्न लंग नावाचं पिंपासारखं यंत्र, मान तेवढी बाहेर. ड्रायव्हिंग आणि पीटीचे तास भरले नाहीत म्हणून शाळा त्याला पास करेना; त्याची आई झोना भांडली, तेव्हा कुठे सर्टिफिकेट मिळालं. १९६२ साली तो इथल्या विद्यापीठात आला. साडेतीनशे किलोच्या वरचं ते यंत्र हॉस्टेलला पेलेना, म्हणून राहायला कॉवेल हॉस्पिटल मिळालं. पुढच्या वर्षी जॉन हेस्लर आला, मग आणखी काही जण. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा अड्डाच जमला. स्वतःला ते 'रोलिंग क्वाड्स' म्हणवत, म्हणजे हातपाय निकामी झालेले, पण चाकांवर फिरणारे.

त्यांच्या अडचणी अगदी रोजच्या होत्या. खुर्ची बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? मदतनीस आलाच नाही तर सकाळी अंथरुणातून उठवणार कोण? खुर्ची आत जाईल असं भाड्याचं घर कुठे मिळेल? १९७० साली त्यांनी विद्यापीठातच अपंग विद्यार्थ्यांना या सगळ्यासाठी मदत द्यायला सुरुवात केली. मग गावातले अपंगही येऊ लागले. त्यातूनच १९७२ मध्ये 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग', म्हणजे अपंगांना स्वतंत्रपणे जगता यावं म्हणून मदत करणारं केंद्र निघालं, दोन बेडरूमच्या एका फ्लॅटमध्ये. कारभार अपंगांच्याच हातात. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. खुर्चीचं चाक कुठे अडतं हे ज्याला रोज सोसावं लागतं, तोच टेबलाच्या त्या बाजूला बसलेला होता.

एडला 'नोकरीच्या लायकीचा नाही' म्हणून मदत नाकारणाऱ्या राज्याच्या पुनर्वसन खात्याचा तो १९७५ साली संचालक झाला. हे सांगताना माझा आवाज दर वेळी चढतो. १९९५ मध्ये तो गेला. त्याच्या नावाची ही इमारत २०१० ची.

माझा आठवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. वर्ग खाली आणता येणार नाही असं शाळेनं सांगितलं, म्हणून वर्षभर बाबांनी मला पाठुंगळी घेऊन जिना चढला, मग धावत बस गाठली. गेल्या वर्षी ते इथे आले. रॅम्पवर सवयीनं त्यांनी माझी खुर्ची मागून धरली आणि ढकलायला लागले.

"बाबा, सोडा ना, मोटर आहे हिला."

त्यांनी ढकलणं थांबवलं. हात मात्र वर पोचेपर्यंत खुर्चीवरच होता.