आमची वाटचाल : ‘केलं नाही’ हा रकाना

दादाचं गॅरेज होतं आणि मी त्याचा हिशेब बघायची. दुरुस्तीला टाकलेल्या गाडीचा अंदाजे खर्च ऐकला की एखादा मालक म्हणायचा, "राहू दे, आता तुम्हीच ठेवून घ्या." अशा गाड्या मागच्या कोपऱ्यात जमत गेल्या. दादाने रिकाम्या वेळात त्या उभ्या केल्या आणि त्या विकल्या गेल्या. जुन्या मोटारसायकलींचा धंदा आम्ही ठरवून काढला असं म्हणवत नाही, तो कोपऱ्यात साचत गेला.

विकण्यात पैसा आहे, असं बाहेरच्याला वाटतं. मला हिशेबात वेगळंच दिसायचं. ज्या गाडीत चार पैसे सुटले ती घेतानाच नीट पारखलेली असायची. जिने आम्हाला खाल्लं ती घाईत, अंधारात नाहीतर ओळखीखातर घेतलेली. म्हणून गाडी बघायला मीही दादाबरोबर जायला लागले. तो इंजिन ऐकायचा, बाकीची गाडी माझ्याकडे.

तेव्हा बसवलेला पहिला नियम आजही मोडत नाही : गाडी थंडच बघायची. आम्ही येईपर्यंत सुरू करू नका, असं आधी सांगून ठेवतो. तरी पोचल्यावर पहिला हात इंजिनवर ठेवायचा. कोमट लागलं तर मालक सांगतो, "आत्ताच जरा फिरवून आलो हो." मग आम्ही बसून राहतो, हवं तर तासभर. कारण जे लपवायचं असतं ते बरंचसं थंड इंजिनात दिसतं. बॅटरी सेल्फ ओढते का, चोकशिवाय गाडी धरते का, पहिला धूर कसा येतो. थंड गाडी सुरू होताच निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला तर बहुतेक वाल्व सील, म्हणजे वाल्वपाशी ऑइल अडवणारी रबरं, गेलेले असतात. तोच निळा धूर चढावर किंवा रेस दिल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती पोकळी) बघावे लागतात, आणि खर्चाचं गणितच बदलतं. थंडीत दिसणारी आणि गरम झाल्यावर जाणारी पांढरी वाफ मात्र साधं पाणी असतं; तिच्यावरून भाव पाडणारे लोक मला आवडत नाहीत.

"इंजिन एकदम सायलेंट आहे बघा," हे वाक्य ऐकलं की दादाचा चेहरा बदलतो. किंचित टिकटिकणारे टॅपेट (वाल्व दाबणारे भाग) त्याला चालतात. जिचा वाल्व क्लिअरन्स, म्हणजे टॅपेट आणि वाल्वमधली फट, फार कमी झालाय, तिचे टॅपेट आवाजच करत नाहीत. वाल्व पूर्ण बसत नाही, त्यामुळे त्याची उष्णता सीटमधून बाहेर पडत नाही आणि एक्झॉस्टचा वाल्व हळूहळू जळतो. शंका आली की दादा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा वर चढला तर गळती रिंगांतून. जागचा हलला नाही तर संशय वाल्ववर. काम पाच मिनिटांचं, पण त्यासाठी मालकाला प्लग काढू द्यावा लागतो. जो तयार होत नाही, त्याची गाडी आम्ही घेत नाही.

माझ्या वाट्याची कामं साधी, पण मन लावून करायची. मीटरवर मी विश्वास ठेवत नाही. फूटरेस्टचं रबर, गिअर लिव्हरचं टोक आणि ब्रेक पेडल बघते. मीटर कमी दाखवतोय आणि पेडल घासून गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय आणि पेडलला खोटं बोलता येत नाही. डिस्कची किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते, ती व्हर्नियरने ताडून बघते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कोरी आणि टायर दहा वर्षांचा, अशा गाड्या घरी उभ्या राहिलेल्या असतात. पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळूच डावीकडून उजवीकडे नेलं आणि बरोबर मध्यावर ते अडखळलं, तर बॉल रेसला (हँडलचे छर्रे फिरतात त्या कड्यांना) खड्डे पडलेत. सरळ जाताना गाडी बारीक वळवळते, मालक म्हणतो टायर बदला, आणि टायर बदलून काही होत नाही.

चॅसी नंबरही नीट वाचते, भिंग घेऊन. १७ अक्षर-अंकांच्या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. तिथे ओ सापडला, अक्षरं वरखाली बसलेली दिसली किंवा भोवतीचा रंग नवा वाटला, तर पुढची चर्चा नाही.

ही सगळी माहिती डोक्यात राहायची, आणि तिथेच घोटाळा व्हायचा. गिऱ्हाईक दोन महिन्यांनी विचारायचा, "चेन बदलली होती ना?" आणि दादा विचारायचा, "कुठली गाडी?" वही वहिनीने आणली. ती पूर्वी शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. वाचन घेतलं की लिहायचं, ही तिची सवय. प्रत्येक गाडीला एक वही. एका रकान्यात मोजलेलं, दुसऱ्यात केलेलं, आणि तिसऱ्याला तिने नाव दिलं ‘केलं नाही’.

दादा भडकला. "आपणच आपल्या गाडीला नावं ठेवायची?" वहिनी म्हणाली, "नावं ठेवत नाही, लिहून ठेवतेय." वही गाडीबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात जाते. तिच्यात असं असतं : बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट, गाडी चालू करून रेस वाढवल्यावर १४.२, म्हणजे चार्जिंग ठीक. ब्रेक ऑइल नवीन, डॉट ४. ‘केलं नाही’च्या खाली : मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या बुशला किंचित खेळ आहे, स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात अजून वाकलेले नाहीत, पण पुढच्या चेनबरोबर तेही बदलावे लागतील.

काही गिऱ्हाइकं ती पानं वाचून निघून गेली, अजूनही जातात. या धंद्यातल्या ओळखीच्यांना तर हे हसण्यासारखंच वाटलं. पण विकल्यानंतरची भांडणं जवळपास थांबली. दुसरा फायदा आमच्या लक्षात उशिरा आला : गिऱ्हाइकाने आमच्याकडून घेतलेली गाडी तीन-चार वर्षांनी परत विकायला आमच्याकडेच येते, आणि वहीत त्याने स्वतःच पुढची पानं भरलेली असतात. अशी गाडी आम्ही चढ्या भावाने घेतो.

गाडी पॉलिश करून झळकवणं आम्ही त्याच सुमारास बंद केलं. त्यामागे एक गाडी आहे. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडून घेतलेली, नवीन रंगवलेली, बघत राहावी अशी. तक्रार अशी की वीस-पंचवीस मिनिटं छान चालते आणि मग मिसिंग करत बंद पडते. थोडा वेळ थांबलं की परत सुरू. गिऱ्हाइकाने आधीच प्लग, कॉइल, शेवटी कार्बोरेटरसुद्धा बदलून घेतला होता. गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे इग्निशन, असं तीन जणांनी त्याला सांगितलेलं. दादाने काहीच खोललं नाही. गाडी घेऊन निघाला, बंद पडेपर्यंत चालवली, आणि तिथेच रस्त्याकडेला प्लग काढून ठिणगी बघितली. ठिणगी निळी, जोरदार. मग टाकीचं झाकण उघडलं. ‘सुस्स’ करून हवा आत गेली. प्लग लावला, गाडी लगेच सुरू. झाकणातलं हवेचं भोक पॉलिशच्या वाळलेल्या लेपाने बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरलं की टाकीत पोकळी तयार व्हायची आणि थोड्या वेळाने पेट्रोल येणंच थांबायचं. टाचणीने भोक मोकळं केलं, झालं.

तेव्हापासून आमच्याकडची गाडी धुतलेली असते, एवढंच. जुना रंग तसाच राहू दिला तर टाकीचा पोचा, वेल्डिंगची रेघ, फोर्कवरचा ऑइलचा ओघळ सगळं उघड दिसतं. आम्हाला ते दिसलेलं बरं.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या तेव्हा थोडे दिवस कठीण गेले. दादाचा सगळा हात कार्बोरेटरवर बसलेला. महिनोन् महिने उभी राहिलेली, चोक ओढला तरच चालणारी गाडी आली की पायलट जेट (कार्बोरेटरमधली मंद गतीला पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) बघायचं, हे त्याला झोपेतही कळतं. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा त्यात बसतोच. इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर लावावा लागला. स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड बघून तोच सेन्सर बदलणारे आम्ही पुष्कळ पाहिले. कोड फक्त कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो. सेन्सर, वायर, कनेक्टरची हिरवी पडलेली पिन, यातलं काय ते मल्टिमीटर घेऊनच शोधावं लागतं. आणि बॅटरीच उतरली असेल तर भलतेच कोड येतात. म्हणून वहिनीने वहीत बॅटरीची ओळ सगळ्यात वर घेतली.

आता उत्पन्नाचा मोठा भाग गाड्या विकण्यातून नाही, दुसऱ्यासाठी गाडी तपासून देण्यातून येतो. गिऱ्हाईक कुठेतरी गाडी बघतो, आम्ही जाऊन वही भरून देतो. तपासलेली गाडी आम्ही स्वतः विकत घेत नाही, मग ती कितीही चांगली निघो. यावर दादाने दोनदा हातची उत्तम गाडी सोडली आहे आणि दोन्ही वेळा आठवडाभर कुरकुर केली आहे. पुरात बुडालेली आणि चॅसी वाकलेली गाडी आम्ही कुठल्याच भावाला घेत नाही. वाकलेली चॅसी सरळ होतेही, पण ती कशी झाली हे आम्हाला मोजता येत नाही.

इलेक्ट्रिक मोटारसायकली अजून घेत नाही. बॅटरी पॅकचं नुसतं व्होल्टेज बघून त्यात किती जीव उरलाय ते समजत नाही. पूर्ण भरून, पूर्ण उतरवून, किती ऊर्जा निघाली ते मोजावं लागतं, नाहीतर बॅटरीच्या नियंत्रकातली नोंद वाचता यायला हवी, आणि प्रत्येक कंपनी ती उघडू देतेच असं नाही. दादाचं म्हणणं, यंत्र घेऊन सुरू करू. माझं म्हणणं, आधी दोन-तीन दुसऱ्यांच्या गाड्या मोजून बघू. वहिनीने नव्या वहीच्या पहिल्या पानावर रकाने आखून ठेवले आहेत.