बोअरचे डाग, रेल्वेचं लोखंड आणि उन्हाने गेलेला टप: रंगाचं काम कुठवर आलं

माझ्या गाडीच्या रंगावरचे डाग काढून पॉलिश करायचं काम चालू आहे. बोनेट, डिकी आणि उजवी बाजू झाली. डावी बाजू अर्धी झाली आहे. टप तसाच आहे, आणि पॉलिशने त्याचं काही होणार नाही हे आता नक्की झालंय.

गाडी २०१३ ची, गडद निळी मेटॅलिक, भुसावळला कायम उघड्यावर उभी राहणारी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी अशा रंगाच्या बोनेटवर हात ठेववत नाही. म्हणून हे काम थंडीत काढलं, तेही सकाळी, अंगणात ऊन यायच्या आत. तापल्या पत्र्यावर कंपाउंड, म्हणजे घासायची जाडसर पेस्ट, नीट घासलं जायच्या आधीच वाळतं आणि नुसती पूड उडते.

माझं म्हणणं एवढंच की मशीन हातात घेण्याआधी डाग कशाचा आहे ते ओळखा. आपल्याकडे कुठलाही डाग दाखवला की ‘रबिंग मारून देतो’ हेच उत्तर मिळतं. रबिंग म्हणजे क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, थोडा खरवडून काढणं. कंपनीतून गाडी येते तेव्हा हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आणि ऊन अडवणारी रसायनं त्याच थरात असतात. एकदा गेलेला थर पॉलिशने परत येत नाही. मग जो डाग नुसत्या रसायनाने निघतो त्याच्यासाठी तो का घालवायचा?

मित्राकडून जाडी मोजायचं मीटर आणलं. बोनेटवर १०५ ते ११२ मायक्रॉन आलं. उजव्या पुढच्या दरवाज्यावर २३० च्या पुढे, म्हणजे तो आधी कधीतरी रंगवलेला आहे. लांबी (पुट्टी) भरलेली असती तर आकडा याच्याही कितीतरी पुढे गेला असता. हे मीटर पत्र्यावरच्या सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, त्यामुळे ११० दिसलं म्हणून बिनधास्त घासत सुटायचं नाही. कडा आणि पत्र्याच्या घड्यांवर थर आणखी पातळ असतो. तिथे मी मास्किंग टेप लावली आणि मशीन नेलंच नाही.

सगळ्यात जास्त वेळ बोअरच्या पाण्याने खाल्ला. वॉशिंग सेंटरला गाडी धुतली, फडकं न फिरवता उन्हात सोडली, की थेंब जागीच आटतो आणि क्षार पांढऱ्या वर्तुळात मागे राहतात. शाम्पूने ते हलत नाहीत. पांढरा व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मंनिम्मं करून फडकं भिजवलं, डागावर मिनिटभर ठेवलं, पुसलं, लगेच भरपूर पाण्याने धुतलं. हे सावलीत, गार पत्र्यावरच करायचं आणि व्हिनेगर वाळू द्यायचा नाही. बोनेटवरचे बहुतेक डाग एवढ्यावर गेले. पांढरेपणा गेल्यावरही काही ठिकाणी कडेचं वर्तुळ तिरप्या उजेडात दिसत राहिलं. तिथे क्षाराने क्लिअर कोट खाल्लाय, मशीनचं काम फक्त तिथे.

आता रेल्वेचं लोखंड. गाडी रुळांच्या जवळ उभी असते. चाकं, ब्रेक आणि रूळ यांच्या घासण्यातून उडालेले लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. हात फिरवला तर बारीक रेतीसारखं लागतं. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन) मारला आणि थोड्याच वेळात डिकीवर जांभळे ठिपके उमटले, मग ते ओघळत बंपरपर्यंत आले. रंग हलका आहे म्हणून पांढऱ्या गाडीवर हे अजून स्पष्ट दिसतं. वास मात्र उग्र, मास्क लावा. धुवून झाल्यावर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवला, भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, अजिबात जोर न देता.

आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर जे चिकट पडतं ते तुडतुड्यांचं. कपाशीवर मावा पडला की येतो तोच चिकटा. कोमट पाणी आणि शाम्पूने तो निघतो, फक्त त्यावर काळी बुरशी धरायच्या आत धुवा. केळीचा चीक याहून चिवट. रावेरला मावशीकडे घड भरताना डिकीवर पडलेला थेंब वाळून काळपट झाला होता, तो आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मग क्ले बारने गेला.

पक्ष्यांच्या विष्ठेने सर्वात खोल खड्डे पाडले होते. उन्हात क्लिअर कोट मऊ पडून फुगतो, वर विष्ठा वाळून कडक झालेली असते, आणि संध्याकाळी गार होताना थर तिच्याभोवती आवळला जातो. त्यामुळे नुसतं पुसून ठसा जात नाही. तिथे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशर), आधी मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. त्याने भागलं नाही तिथेच कंपाउंड. एका वेळी दीड फूट बाय दीड फूट, त्याहून मोठा भाग घेतला की आपल्या कोरड्या हवेत वाळतो. नंतर आयपीएने पुसून बघायचं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं. बोनेटवर दोन ठसे अंधुक दिसतात. ते मी ठेवलेत. अजून घासलं तर थर संपेल, आणि ठशापेक्षा ते फार वाईट.

शेजारचे काका विचारत होते, “रंग मारला का भो?” नाही मारला, आणि म्हणूनच मला हे काम आवडतं.

टपाला मात्र रंगच लागणार. मधोमध क्लिअर कोट पांढरा पडून पापुद्रे सुटलेत, नख लावलं तर कड निघते. ऊन सरळ टपावरच पडतं, त्यामुळे बहुतेक गाड्यांत सुरुवात तिथूनच होते. घासून, बेस (रंगाचा थर) आणि त्यावर टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर कोट, मारावा लागेल. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक. घरी अंगणात मारायची गोष्ट नाही, रंगाच्या बूथमध्येच देणार.

तोवर झालेल्या भागांवर सीलंट (रंगाला जपणारा लेप) लावलंय आणि धुतल्यावर शेवटची बादली आरओच्या पाण्याची. पुढचं काम काचांवरच्या क्षारांचं. व्हिनेगरने वरवरचे गेले, खोलवरच्यांसाठी सेरियम ऑक्साइड, म्हणजे काच पॉलिश करायची पूड, मागवलंय.