पंधरा तारखेचं पाकीट

ऑक्टोबरमधला तो गुरुवार. नोव्हेंबरच्या गावपत्रिकेचा सगळा मजकूर माझ्या टेबलावर होता, फक्त गावातल्या इंग्रज आजींचं पाकीट आलेलं नव्हतं.

मी इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या एका खेड्यात पॅरिश क्लार्क आहे. आपल्याकडच्या ग्रामसेवकाच्या जवळपासचं हे काम. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत, 1894 च्या कायद्याने आलेली. तिच्या हाती खेळाचं मैदान, बाकडी, कुठे कुठे स्मशानभूमी, फुटपाथवर वाढलेलं गवत अशा गोष्टी असतात. घर बांधायला परवानगी द्यायचा अधिकार नसतो, मत तेवढं कळवता येतं. क्लार्क पगारी असतो, मत देत नाही, पण सभा कायदेशीर होते की नाही हे त्याच्यावर असतं. सभेची सूचना पूर्ण तीन दिवस आधी लागली पाहिजे. लावल्याचा दिवस, सभेचा दिवस आणि रविवार त्यात धरत नाहीत. म्हणजे सभा गुरुवारी असेल तर शनिवारी फलकाच्या काचेआड कागद दिसलाच पाहिजे. त्या फलकाची किल्ली माझ्या जुडग्यात असते.

पत्रिका काढणं माझ्या नेमणुकीच्या कागदात नाही. आधीच्या क्लार्कबाई काढायच्या, म्हणून ती माझ्याकडे आली आणि मला ती मनापासून आवडते. चारशे वस्तीचं गाव, 180 प्रती. मधोमध दुमडलेली आठ पानं. नऊ जण आपापली गल्ली वाटून घेतात आणि प्रत्येक दाराच्या फटीतून प्रत आत सरकवतात. त्या महिन्याचा मजकूर असा होता: घंटा वाजवणाऱ्यांचा सराव मंगळवारऐवजी बुधवारी. पबमधल्या स्किटल्सच्या, म्हणजे चेंडूने लाकडी खुंट पाडायच्या खेळाच्या, सामन्यात दोन गडी कमी आहेत. 5 नोव्हेंबरच्या शेकोटीसाठी लाकूडफाटा कुठे टाकायचा, आणि पेटवण्याआधी ढीग हलवून बघायचा, कारण खाली हेजहॉग, म्हणजे अंगावर काटे असलेले लहान प्राणी, झोपलेले असतात. कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा. चर्चमध्ये फुलं लावायची पाळी कुणाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे. मागच्या पानावर धुराडी साफ करणाऱ्याची आणि सरपण विकणाऱ्याची जाहिरात.

आजींचं पाकीट दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत माझ्या दारातून आत पडतं. विजेच्या बिलाचं जुनं पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवलेलं, आत निळ्या शाईतली चार ओळींची बातमी. व्हिस्टच्या, म्हणजे पत्त्यांच्या, डावांची तारीख, चहासोबत केक कोण आणणार. नोव्हेंबरच्या अंकासाठी मात्र त्यांचा कागद मोठा असतो, कारण स्मृतिरविवारी, म्हणजे युद्धांत मेलेल्यांच्या आठवणीच्या रविवारी, युद्धस्मारकापाशी वाचायची नावं त्या लिहून देतात. नावं दगडावर आहेतच. तरी दर वर्षी त्या पुन्हा लिहितात, पूर्ण, मधल्या नावांसकट. एकदा वाचणाऱ्याने मधलं नाव गाळलं होतं, तेव्हापासून.

17 तारीख झाली होती. दोनदा फोन केला, वाजत राहिला. नव्वदीच्या घरातलं माणूस परसात असेल, असं म्हणून मी संध्याकाळच्या सभेचे कागद लावायला घेतले. विषय क्रमांक 9: पत्रिका छापणं बंद करून ई-मेलने पाठवावी, छपाईचा खर्च वाचवावा. त्या विषयाचे कागद लावताना माझं लक्ष पुन्हा टेबलावरच्या पाकिटाच्या रिकाम्या जागेकडे गेलं. कोट चढवला आणि निघाले.

वाटेत लाल टेलिफोनची पेटी लागते. टेलिफोन कंपनीने 2008 पासून अशा पेट्या गावांना एकेका पौंडाला द्यायला सुरुवात केली. आमच्या पेटीत आता हृदय बंद पडल्यावर झटका द्यायचं यंत्र आहे. त्याचा हिरवा दिवा लागलेला आहे ना, हे आठवड्यातून एकदा बघणं माझं काम. त्या दिवशी चालता चालता नुसतं बघितलं, लागलेला होता.

आजींच्या पायरीवर दुधाची बाटली तशीच. पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले. बेल वाजवली, हाक मारली. मग खाली वाकून पत्राच्या फटीचं झाकण बोटाने वर धरलं आणि आत ओरडले. आधी फक्त रेडिओ ऐकू आला. मग टक, टक, टक. फरशीवर काठी आपटल्याचा आवाज.

किल्लीची पेटी भिंतीला होती, तिचा आकडा शेजारच्या काकांना ठाऊक होता. ते बागेतल्या चिखलाच्या बुटांनीच धावत आले. आजी स्वयंपाकघरात, दगडी फरशीवर, डाव्या कुशीवर. आदल्या रात्री नऊच्या सुमाराला गरम पाण्याची पिशवी भरायला उठल्या आणि पडल्या. खुर्चीवरचं कार्डिगन काठीने ओढून अंगावर घेतलं होतं. पाय विचित्र वळला होता. मला बघून पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "पाकीट टेबलावर आहे. शाई वाळली असेल आता."

999 ला, इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन केला. पलीकडच्या बाईंचा आवाज शांत होता. श्वास कसा आहे, रक्त येतंय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. हलवू नका, ऊब द्या, खायला-प्यायला काही देऊ नका, कारण ऑपरेशन लागू शकतं. गाडी निघेल, पण वेळ लागेल. गावाकडे येणारे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंनी उंच बांध, समोरून ट्रॅक्टर आला की कुणाला तरी मागे जावं लागतं. शेजारचे काका हायवेच्या फाट्यावर जाऊन उभे राहिले. मी वरून दोन रजया आणल्या, एक पाठीशी सारली, एक अंगावर घातली, आणि फरशीवर बसले.

चहा मागितला त्यांनी. इथल्या खेड्यात कुणावर काहीही ओढवलं की आधी किटली चढते. आणि मला नाही म्हणावं लागलं. एका नव्वदीच्या बाईला, रात्रभर गारठलेल्या. ते नाही म्हणणं मला अजून आठवतं. चमचाभर तरी दे, म्हणाल्या. मी त्यांचे ओठ ओल्या रुमालाने टिपले. बोटं बर्फासारखी होती, दोन्ही हातांत धरून ठेवली.

"वाच," म्हणाल्या. "बरोबर लिहिलंय ना बघ."

मी पाकिटातला कागद काढून वाचू लागले. पहिल्या महायुद्धातली 11 नावं, दुसऱ्यातली 4. सातव्या नावावर त्यांनी हात दाबला. "हा माझ्या आजीचा भाऊ. तू पूनाची ना? हाही पूनाला होता."

मला वाटलं, त्यांच्या डोक्यात गोंधळ होतोय. तसं नव्हतं. डॉर्सेटशर रेजिमेंटची दुसरी पलटण 1914 च्या उन्हाळ्यात पुण्याच्या छावणीत होती. त्या मुलाने घरी धाडलेलं पोस्टकार्ड आजींच्या कपाटात आहे. इथे पाऊस थांबत नाही आणि कपडे वाळत नाहीत, एवढंच लिहिलंय त्याने. जुलैतलं पुणं. माझी आई अजून फोनवर तेच सांगते.

त्या पुढे सांगत राहिल्या, मी बोलतं ठेवत राहिले. बोलताना त्या जाग्या राहत होत्या, आणि मला ऐकायचंही होतं. युद्ध सुरू झाल्यावर ती पलटण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. नोव्हेंबरात तिथल्या किनाऱ्यावर फाओला उतरली. एकाच ब्रिगेडमध्ये डॉर्सेटचे हे शेतकरी आणि 117 वी मराठा पलटण. एप्रिल 1915 मध्ये शैबाला दोघे एकत्र लढले. पुढे डिसेंबरात कुट-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले. शेवटी घोडे आणि खेचरं मारून खाल्ली. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. सुमारे 13,000 जण कैदेत गेले, आणि वाळवंटातल्या त्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले फार मोठ्या संख्येने मेले. सातवं नाव त्यांतलं. डॉर्चेस्टरच्या लष्करी संग्रहालयात जाऊन आजींनी हे सगळं तरुणपणी वहीत उतरवून घेतलं होतं.

"तुझ्या लोकांपैकी कुणी होतं का तिथे?"

मी त्यांना आजोळच्या चावडीबद्दल सांगितलं. साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत असतो तसा तिच्या भिंतीत एक संगमरवरी दगड आहे. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. लहानपणी आम्ही त्या दगडाखाली बसून पत्ते खेळायचो.

"नावं कुणाची आहेत त्याच्यावर?"

"नावं नाहीत. आकडा आहे."

त्या बराच वेळ गप्प. मी घाबरून श्वास बघितला. मग म्हणाल्या, "मग नोव्हेंबरात वाचता काय तुम्ही?"

"काही वाचत नाही, आजी." आजी हा शब्द तोंडून मराठीतच गेला. त्यांनी विचारलं नाही काय म्हणालीस.

"पेन घे," म्हणाल्या. "खाली लिही. या वर्षी आपल्या 11 जणांनंतर, पूनाहून त्यांच्याबरोबर निघालेल्या आणि घरी न परतलेल्या मराठा शिपायांचीही आठवण करावी. त्यांची नावं मिळाली की पत्रिकेत छापू."

मी थांबले. क्लार्कने स्वतःच्या घरचं पत्रिकेत घालू नये, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला आहे. तसं बोललेही. त्या म्हणाल्या, बातमी माझी आहे, सही माझी आहे, तू फक्त हात आहेस. आणि थरथरत्या बोटांनी रजईखालून सही केली. तो कागद मी जपून ठेवला आहे. सहीची शेवटची रेघ कागदाबाहेर फरशीवर गेली होती.

गाडी आली. त्या दोघांनी आधी वेदना कमी करणारा वायू दिला, मग दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर दोन्ही बाजूंनी त्यांच्याखाली सरकवलं आणि मधोमध जोडलं. न हलवता उचलणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दारातून बाहेर पडताना आजी काकांना दुधाची बाटली आत ठेवायला सांगत होत्या.

संध्याकाळी साडेसातला सभा. गावाला सगळं कळलेलं होतं. नवव्या विषयाला अध्यक्षांनी मला बोलायला सांगितलं, एरवी मी विचारल्याशिवाय बोलत नाही. मी म्हणाले, ई-मेलला माझी हरकत नाही, ज्यांना हवी त्यांना पाठवू. पण ई-मेल उघडली नाही तर मला काहीच दिसत नाही. दुधाची बाटली, ओढलेले पडदे, न आलेलं पाकीट हे दारापर्यंत गेलेल्या माणसालाच दिसतं. आपले नऊ वाटप करणारे महिन्यातून एकदा गावातल्या प्रत्येक दारापर्यंत जातात, आणि दुसरं कुणीच जात नाही. ज्या सभासदाने ठराव आणला होता त्यानेच तो मागे घेतला. मी इतिवृत्तात लिहिलं: छपाई सुरू राहील.

रात्री मामाला फोन केला. भारतात पहाट होती, तो उठलेलाच होता. सकाळी त्याने दगडाचा फोटो पाठवला. दरम्यान मी शोधत बसले होते. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या 40,000 हून जास्त जणांसाठी 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव आहे आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार आकडा. 2021 मध्ये युद्धकबरींच्या आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली. आमच्या चावडीचा दगडच बसऱ्यातही लावला होता, असं मला वाटलं. रडू आलं, ते आवरलं नाही.

नोव्हेंबरचा अंक वेळेवर निघाला. स्मृतिरविवारी घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात. एक ठोका मोठा, पुढचा त्याच ठोक्याचा प्रतिध्वनी लांबून आल्यासारखा. अकरा वाजता दोन मिनिटं शांतता. चर्चच्या व्हिकारांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, नावं वाचली, मधल्या नावांसकट. मग आजींचं वाक्य, जसंच्या तसं. धुक्यात उभ्या असलेल्या पन्नास-साठ माणसांनी 'मराठा' हा शब्द ऐकला. शेजारच्या काकांनी टोपी काढलेलीच होती, ती छातीशी घट्ट धरली.

15 नोव्हेंबरला दारातून पाकीट पडलं. आजींच्या भाचीने आणून टाकलं होतं. आत इस्पितळाच्या जेवणाचं कार्ड, आणि त्याच्या मागच्या बाजूला निळी शाई. डिसेंबरचे व्हिस्टचे डाव रद्द, जानेवारीत होतील, केकचं तेव्हा बघू. खाली एक ओळ आणखी: नावं मिळाली का?

मी मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, वरच्या आळीत एका घरी पणजोबाचं पदक देव्हाऱ्यात आहे, रोज हळदकुंकू लागतं. रविवारी जाऊन येतो, पण छापायचं की नाही ते आधी त्या घरच्यांना विचारतो. डिसेंबरच्या अंकाच्या तिसऱ्या पानावर मी चार ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.