माझा अनुभव : जपानीतलं ‘आत्ताच’ आणि ‘नुकतंच’

एन-४ या जपानी भाषेच्या परीक्षेच्या तयारीत मी सर्वांत जास्त अडकलो ते ‘ता बाकारी’ आणि ‘ता तोकोरो’ या जोडीत. वहीत दोन्हींपुढे ‘नुकतेच केले’ असा एकच अर्थ लिहिला होता. घोळ तिथेच होता.

रचना अवघड नाही. क्रियापदाचं ता-रूप (म्हणजे भूतकाळी रूप) करायचं, पुढे बाकारी किंवा तोकोरो, शेवटी देस (‘आहे’सारखा शब्द). ताबेरुचं (खाणं) ताबेता, नोमुचं (पिणं) नोन्दा, त्सुकुचं (पोचणं) त्सुइता. इकु (जाणं) मात्र काकु-काइताच्या (लिहिणं-लिहिलं) चालीवर जात नाही, त्याचं इत्ता होतं. ता-रूप कच्चं असेल तर आधी तेच घोटावं.

तोकोरो म्हणजे मुळात ‘जागा’. काम कुठल्या टप्प्यावर आहे, एवढंच तो सांगतो. ताबेरु तोकोरो म्हणजे आता जेवायला बसणारच. ताबेते इरु तोकोरो म्हणजे जेवण चालू आहे. ताबेता तोकोरो म्हणजे पानावरून उठतोच आहे. म्हणून याच्या जोडीला ‘इमा’ (आत्ता) किंवा ‘तात्ता इमा’ (अगदी आत्ता) शोभतं. स्टेशनवर उतरताच फोन करून सांगायचं ते ‘इमा एकि नि त्सुइता तोकोरो देस’.

बाकारीला घड्याळाशी देणंघेणं नाही. बोलणाऱ्याला ती गोष्ट ताजी वाटते, बस्स. ‘सान्कागेत्सु माए नि निहोन ए किता बाकारी देस’, म्हणजे जपानला येऊन तीनच महिने झालेत. इथे तोकोरो लावलं की वाक्य चुकलं.

मराठीतून पाहिलं तेव्हा हे सुटलं. ‘नुकतंच लग्न झालंय’ सहा महिन्यांनीही म्हणता येतं. ‘आत्ताच पोचलो’ हे दुसऱ्या दिवशी कोण म्हणेल? म्हणजे ‘नुकतंच’ बाकारीचं, ‘आत्ताच’ तोकोरोचं. पण ही जोडी तंतोतंत नाही. ‘आत्ताच तर घेतला होता, आणि बिघडला!’ या कुरकुरीतलं ‘आत्ताच’ बाकारीच्याच वाट्याचं : ‘कात्ता बाकारी ना नो नि, मोउ कोवारेता’. बाकारी नामासारखं वागतं, म्हणून ‘नो नि’च्या (‘असूनही’ या अर्थाच्या) आधी ‘ना’ हवा. नामाला जोडताना ‘नो’ : कात्ता बाकारी नो कुत्सु, नवेकोरे बूट, उमारेता बाकारी नो आकाचान, नुकतंच जन्मलेलं बाळ. अशा ठिकाणी तोकोरो चालत नाही. रिकामी जागा भरायच्या प्रश्नात पुढे ‘नो’ आणि नाम दिसलं, तर मी बाकारीवर खूण करून पुढे जातो.

एका अक्षराची चूक तर फारच महागात पडते. ‘ताबेता बाकारी’ म्हणजे नुकतंच खाल्लं. ‘ताबेते बाकारी इरु’ म्हणजे नुसतं खातच असतो. आग्रह होत असताना पहिल्याऐवजी दुसरं तोंडातून गेलं की नकार राहतो बाजूला, आपण स्वतःला खादाड जाहीर करून मोकळे.

आणखी एक खोड खास आपली. ‘मोउ ताबेमाशिता का?’ (जेवलात का?) या प्रश्नाला ‘अजून जेवलो नाही’ म्हणायचं असतं. मराठीत ‘जेवलो’ भूतकाळी, म्हणून जीभ आपोआप ‘मादा (अजून) ताबेमासेन देशिता’ या भूतकाळी नकाराकडे वळते. जपानीला इथे भूतकाळ नको. न जेवल्याची स्थिती अजून चालू आहे, म्हणून ‘मादा ताबेते इमासेन’. घाई असेल तर नुसतं ‘इइए, मादा देस’ (नाही, अजून नाही) म्हटलं तरी भागतं.